डाखोळेंना गाडी लागते

गिरिधर डाखोळे यांनी खापरखेड्याच्या वीज केंद्रात एकतीस वर्षं कंट्रोल रूम सांभाळली. पंप बंद पडला, बॉयलर रुसला, साहेब लोक ओरडत धावत आले, तरी या माणसाच्या पोटातलं पाणी कधी हललं नाही. आणि हाच माणूस निवृत्तीनंतर आठव्या महिन्यात, होणाऱ्या व्याह्यांच्या नव्याकोऱ्या गाडीत मागच्या सीटवर बसून कळमेश्वरहून नागपूरला येताना, त्याच व्याह्यांनी तासाभरापूर्वी मानानं डोक्यावर घातलेल्या टोपीत ओकला.

टोपीतच काहून, असं नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. अहो, आपल्याकडे पाहुण्याला दुपट्टा-टोपीचा आहेर होतो. दुपट्टा खांद्यावर होता, टोपी डोक्यावर होती, आणि ज्याला भांडं म्हणता येईल असं त्या क्षणी गाडीत दुसरं काहीच नव्हतं. डाखोळेंनी निर्णय तीन सेकंदांत घेतला. तांत्रिकदृष्ट्या तो बरोबरच होता असं त्यांचं अजूनही म्हणणं आहे.

व्याही महादेवराव हे लकडगंजातले धान्याचे ठोक व्यापारी. कळमेश्वरला त्यांची संत्र्यांची बाग, तीच दाखवायला त्यांनी डाखोळे नवरा-बायकोला नेलं होतं. गाडी स्वतः चालवत होते. झाल्या प्रकारावर ते "होते कधीकधी, डाखोळेजी" एवढंच म्हणाले. डाखोळेंना ते फार लागलं. शिवी दिली असती तर परवडलं असतं.

ही गोष्ट तिथंच संपली असती, पण मुलाचे आजोबा आडवे आले. डाखोळेंची एकुलती एक मयुरा आणि महादेवरावांचा मोहित यांचं साक्षगंध, म्हणजे पुण्याकडे ज्याला साखरपुडा म्हणतात ते, एप्रिलच्या चोवीस तारखेला ठरलं होतं. मोहितचे नव्वदीचे आजोबा, दादाजी, चिखलदऱ्याला राहतात. "मी डोंगर उतरून येणार नाही, ज्याले यायचं त्यानं वर यावं," असा त्यांनी निरोप धाडला. चिखलदरा म्हणजे घाट. घाट म्हणजे वळणं. वळणं या शब्दानंच डाखोळेंच्या तोंडाला पाणी सुटलं, आणि ते काही चांगलं पाणी नव्हतं.

त्यातच महादेवरावांच्या बहिणीचा, कामिनीबाईंचा, शामलाबाईंना फोन आला. शामलाबाई म्हणजे डाखोळेंच्या सौभाग्यवती.

"मी काय म्हणते वहिनी, डाखोळेजींना त्रास होते तर आणूच नका ना त्याहिले. आम्ही व्हिडिओ कॉल लावून देऊ. मोठ्या स्क्रीनवर छान दिसतील."

फोन स्पीकरवर होता. डाखोळे समोरच वाटाणे सोलत बसले होते. त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"म्हणजे माह्या पोरीचं साक्षगंध, अन् मी टीव्हीत?"

"त्याहिनं चांगल्यासाठीच म्हटलं असन," शामलाबाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाजही पडला होता.

"अकरा दिवस आहेत. मी हे दुरुस्त करतो," असं डाखोळे म्हणाले आणि एक नवी वही काढली. कंट्रोल रूममध्ये बिघाड झाला की आधी वहीत नोंद व्हायची आणि मग हात लागायचा. पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं: 'बिघाड: ओकारी. ठिकाण: गाडी. कारण: माहीत नाही.'

कारण माहीत नाही हे फक्त डाखोळेंना. बाकी मोहल्ल्यात सगळ्यांना माहीत होतं. शेजारच्या शोभाताईंच्या मते बुडाखाली वर्तमानपत्र ठेवून बसलं की गाडी लागत नाही. कोणता पेपर, हे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "कोणताबी चालते, पण आजचा पाहिजे." दुसऱ्या एका काकूंनी लिंबू हुंगायला सांगितलं, तिसरीनं आलेपाक. पोट गच्च भरून जा असं तीन जणांनी सांगितलं आणि रिकाम्या पोटी जा असं चार जणांनी. डाखोळेंनी सगळं वहीत लिहून घेतलं. विरुद्ध मतंही लिहिली, कारण नोंद ती नोंद.

चंद्रभान हा त्यांचा खापरखेड्याचा जुना जोडीदार, त्याच्याही डोक्याला निवृत्तीमुळे भरपूर मोकळीक होती. तो म्हणाला, "सवय पाहिजे गा. तू फिरत्या खुर्चीवर बस, मी गरगर फिरवतो. रोज दहा मिनिटं. आठ दिवसांत तुले घाट सपाट वाटन."

प्रयोग गच्चीवर झाला. चंद्रभाननं वीस फेरे मोजले आणि खुर्ची थांबवली. खुर्ची थांबली, डाखोळे थांबले, पण जग थांबलं नाही. उठून उभे राहिले तर गच्ची डावीकडे पळायला लागली. तिला पकडायला म्हणून ते उजवीकडे चार पावलं गेले, आणि शोभाताईंनी भल्या पहाटेपासून खपून घातलेल्या कुरड्यांच्या धोतरावर आडवे झाले. कुरड्या अजून ओल्या होत्या. पुढचे तीन दिवस शोभाताई बोलत नव्हत्या, पण डाखोळे मात्र वेगळ्याच विचारात होते. त्यांनी वहीत लिहिलं: 'खुर्ची बंद झाल्यावरही आत काहीतरी फिरून राहिलं होतं. काय?'

इथून गोष्टीला खरं वळण लागलं. आतापर्यंत डाखोळेंना उलटी थांबवायची होती. आता त्यांना ती समजून घ्यायची होती.

ते शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात गेले. केसपेपरच्या खिडकीत एक गृहस्थ संगणकाकडे बघत बसले होते.

"आजार?"

"उलटी."

"किती वेळा झाली?"

"झाली नाही अजून. होणार आहे."

गृहस्थांनी पहिल्यांदा मान वर केली. "कधी?"

"चोवीस तारखेला. परतवाड्याच्या पुढं, अंदाजे साडेअकरा वाजता."

"मग चोवीसले या ना काका. पुढच्या आजाराचा केसपेपर निघत नाही. सिस्टीम तारीखच घेत नाही."

डाखोळेंनी मग कळमेश्वरची उलटी दाखल केली. पण ती दोन महिन्यांपूर्वीची, म्हणजे जुना आजार, आणि जुन्या आजाराला आधीचा केसपेपर लागतो. तो तेव्हा काढला नाही काहून, असा उलट सवाल आला. टोपी घेऊन केसपेपर काढायला यायला पाहिजे होतं काय, असं डाखोळेंच्या ओठावर आलं होतं. शेवटी 'मळमळ, सध्याची' या नावाखाली पेपर निघाला, आणि तोवर खरोखरच मळमळायला लागलं होतं. पोटाच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "पोट उत्तम आहे. तुम्ही कानाच्या डॉक्टरांकडे जा."

डाखोळेंना वाटलं, आपल्याला हाकललं. पण वरच्या मजल्यावरच्या डॉ. वंदना, तिशीतल्या, चष्मेवाल्या, त्यांनी खरोखरच कानापासून सुरुवात केली.

"काका, कानाच्या आत तीन बारीक नळ्या असतात, अर्धगोल. त्यांत पाणी असतं. डोकं वळलं की ते पाणी हलतं आणि मेंदूला कळतं की आपण वळतोय. खुर्ची एकदम थांबली तरी ते पाणी काही क्षण पुढे जात राहतं."

"म्हणजे ते फिरून राहिलं होतं!" डाखोळे खुर्चीतून अर्धे उठले आणि वहीत लिहू लागले. "मग गाडीत?"

"गाडीत मागे बसलात, समोर सीटची पाठ. डोळे सांगतात, तुम्ही स्थिर आहात. कान सांगतात, वळताय. मेंदूला दोन वेगळ्या बातम्या मिळतात."

"दोन मीटर दोन आकडे दाखवून राहिले!" डाखोळे म्हणाले. "आमच्याकडं असं झालं की आम्ही सेट ट्रिप, म्हणजे बंदच, करत होतो मॅडम. थांबा, मग मेंदू काय ट्रिप करते?"

डॉ. वंदनांच्या खोलीबाहेर नऊ रुग्ण बसले होते, पण असा श्रोता त्यांना नोकरी लागल्यापासून मिळाला नव्हता. त्यांनी सांगितलं की मेंदूच्या तळाशी रक्त तपासणारी एक जागा असते. रक्तात काही विषारी आलं की ती बोंब मारते, आणि पोटातलं सगळं बाहेर काढायचा हुकूम निघतो. आता डोळे आणि कान यांचं जमेनासं झालं की मेंदूला बहुतेक असं वाटतं की या माणसानं काहीतरी विषारी खाल्लंय. हा एक तर्क आहे, पक्कं कोणालाच माहीत नाही. पण हुकूम निघतो. आधी जांभया, मग चेहरा पांढरा, मग थंड घाम, मग तोंडात लाळ. ही लाळ काहून, तर पोटातलं आम्ल वर येणार, त्यानं दात खराब होऊ नयेत म्हणून. मग दीर्घ श्वास, श्वासनलिकेचं झाकण बंद, आणि पोटाचे स्नायू आणि छातीखालचा पडदा मिळून दाब देतात. जठर बिचारं स्वतः काहीच करत नाही, ते ढिलं पडून असतं.

डाखोळेंचा पेन थांबला. इतका शिस्तीचा, इतका पायरीपायरीनं चालणारा प्रकार आपण आयुष्यभर घाण समजत आलो याची त्यांना लाजच वाटली.

"आणि उंदरांना उलटी होतच नाही, काका. त्यांना ती सोयच नाही," डाखोळे निघायला उठले तशा डॉ. वंदना म्हणाल्या.

हे डाखोळेंनी घरी येऊन शामलाबाईंना दोनदा सांगितलं. "बिचारे," शामलाबाई म्हणाल्या.

औषधाचं मात्र वेगळंच होतं. चौकातल्या औषधवाल्यानं उलटीची म्हणून एक गोळी पुढं केली होती, ऑन्डॅन्सेट्रॉन. ती दाखवल्यावर डॉक्टरीणबाई दवाखान्यातच म्हणाल्या होत्या, ती फार गुणी गोळी आहे, कॅन्सरच्या औषधांनी होणाऱ्या उलट्या थांबवते, पण ती मुख्यतः पोटाकडून येणारा निरोप अडवते. तुमचा निरोप येतो कानाकडून, तिथं तिचा फारसा उपयोग नाही. त्यांनी दुसरी लिहून दिली. प्रवासाआधी तासभर घ्यायची. तोंड कोरडं पडेल, झोप येईल, आणि ती घेऊन गाडी अजिबात चालवायची नाही. शिवाय पुढच्या सीटवर बसायचं आणि नजर लांब रस्त्यावर ठेवायची.

"अन् चालवणाऱ्याला होत नाही काय हो मॅडम?" डाखोळेंनी तेव्हाच विचारून घेतलं होतं.

"सहसा नाही. वळण कधी येणार हे त्याला आधी माहीत असतं ना. मेंदूला आगाऊ सूचना मिळते."

गोळीची चाचणी डाखोळेंनी एसटीत केली, नागपूर ते कळमेश्वर. पांढरा पायजमा, बुडाखाली आजचा पेपर (शोभाताईंची समजूत निघावी म्हणून), खिशात लिंबू. उलटी झाली नाही. काहीच झालं नाही, कारण डाखोळे दहाव्या मिनिटाला जे झोपले ते गाडी कळमेश्वरहून पुढं जाऊन, परत फिरून, पुन्हा नागपूरच्या स्टँडवर लागल्यावर उठले. कंडक्टर खांदा हलवत होता. "काका, दोनदा उठवलं तुमाले. मले वाटलं, गेले." घरी येईपर्यंत रस्त्यातले लोक त्यांच्या पायजम्याकडे वळून वळून पाहत होते. मागच्या बाजूला सोयाबीनचे भाव छापले गेले होते.

आणि पुढची सीट? ती तर मिळणारच नव्हती. महादेवरावांच्या गाडीत पुढची सीट बाबारावजींची. बाबारावजी हे कामिनीबाईंचे यजमान, म्हणजे त्या घरचे जवाई. आपल्याकडे जवाई कितीही म्हातारा झाला तरी जवाईच राहतो. सव्वीस वर्षं त्या घराच्या प्रत्येक गाडीत ते पुढं बसत आले होते. एकदा म्हणे बैलगाडीत मागं बसवलं तर चार महिने रुसून होते.

तेवीस तारखेला संध्याकाळी मयुरा बापाजवळ येऊन बसली. ती दुसऱ्या दिवशी सकाळी मामाच्या गाडीतून पुढं जाणार होती, आणि त्या गाडीत मैत्रिणींनीच जागा उरू दिली नव्हती.

"बाबा, गोळी घ्या, नका घेऊ, ओका, काहीही करा. पण या. तुम्ही फोनमध्ये असले तर मी अंगठीच घालू देणार नाही, सांगून ठेवते."

डाखोळेंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना खूप बोलायचं होतं, पण ते उंदरांबद्दल बोलले.

चोवीस तारखेला महादेवराव ठरल्या वेळेला गाडी घेऊन दारात हजर. पुढं बाबारावजी, मागं डाखोळे, शामलाबाई आणि कामिनीबाई. अमरावतीपर्यंत रस्ता सरळ, काही झालं नाही. परतवाड्याला चहाला थांबले तेव्हा शामलाबाईंनी हळूच विचारलं, "गोळी घेतली ना?"

"घेतो," म्हणून डाखोळे हॉटेलच्या मागं गेले. गोळी तळहातावर घेतली. ही घेतली तर ओकणार नाही, पण अंगठी घालायच्या वेळी आपण तोंड उघडं टाकून खुर्चीत घोरत असू. मग टीव्हीतला बाप काय वाईट होता? तो निदान जागा तरी राहिला असता. अकरा दिवस आपण हे सगळं झोपण्यासाठी केलं काय? त्यांनी गोळी परत खिशात टाकली.

घाट सुरू झाला. बाबारावजींचा देह असा, की दोन सीटच्या मधून रस्त्याची एक फीत तेवढी दिसावी. तिसऱ्या वळणाला डाखोळेंना जांभई आली. 'पहिला अलार्म,' ते मनात म्हणाले. पाचव्याला कपाळावर थंड घाम. सातव्याला लाळ. आता दातांची सोय झाली, म्हणजे पुढचा हुकूम निघालाच. आणि त्याच क्षणी त्यांना आठवलं, की वीस वर्षं घर ते खापरखेडा आपण स्वतः गाडी चालवली, कधी एक ढेकर आली नाही. गाडी विकली निवृत्तीला. हा रोग आपल्याला झालेला नाही, आपली फक्त सीट बदलली आहे.

"थांबवा!" ते ओरडले.

गाडी थांबली. सगळे दोन्ही बाजूंना सरकले. पण डाखोळे दार उघडून उतरले, चार दीर्घ श्वास घेतले आणि महादेवरावांच्या काचेशी गेले.

"व्याहीबुवा, मले चालवू द्या. चालवणाऱ्याला होत नाही. डॉक्टरनं सांगितलं आहे. लायसन आहे माह्याकडं."

महादेवरावांचा चेहरा एकदम उतरला. "नाही नाही... नवी गाडी आहे... तुमाले सवय नाही..."

"अरे द्या ना गा," बाबारावजी म्हणाले. "माणूस बेजार होऊन राहिला. सोयरा आहे आपला."

जवाई बोलले. आता नाही म्हणायची सोय उरली नाही. महादेवराव सावकाश उतरले आणि मागं, डाखोळेंच्या जागेवर जाऊन बसले.

काय सांगावं! स्टिअरिंग हातात येताच डाखोळेंचं पोट शांत झालं. एक वळण, दोन वळणं, चार वळणं. मेंदूला आगाऊ सूचना मिळत होती आणि तो खुशीत होता. डाखोळेंना शीळ घालावीशी वाटली. त्यांनी सहज आरशात पाहिलं.

आरशात महादेवराव जांभई देत होते.

पुढच्या वळणाला पाहिलं तर चेहरा पिठासारखा पांढरा. त्याच्या पुढच्या वळणाला कपाळावर घाम. मग घोट गिळणं सुरू झालं, एकामागून एक. अख्ख्या घाटात तो आरसा वाचता येणारा माणूस एकच होता. फार तर दोन वळणं, डाखोळेंनी हिशेब केला. लकडगंजातला एवढा मोठा माणूस, शेजारी बहीण, पुढं जवाई, अंगावर साक्षगंधाचे कपडे. कळमेश्वरच्या रस्त्यावर आपल्याला कसं वाटलं होतं ते डाखोळेंना चांगलं ठाऊक होतं.

त्यांनी गाडी कडेला घेतली. "मले थोडं कसंतरी होऊन राहिलं. व्याहीबुवा, तुम्ही या बरं संगं, पाणी घेऊन."

एप्रिलात सागाला एक पान नसतं, आडोसा कशाचा मिळणार? एका मोठ्या दगडामागं जेमतेम पोचले आणि महादेवरावांचं काम झालं.

"बावीस वर्षं झाले, डाखोळेजी," मधल्या वेळात ते म्हणाले. "दुसऱ्याच्या गाडीत बसलो नाही. बरातीतबी मीच चालवतो. लोकं म्हणतात, महादेवरावले गाडीचा घमंड आहे. घमंड कशाचा..." पुढचं वाक्य पूर्ण झालं नाही.

"जठराचा दोष नाही बरं त्यात," डाखोळे पाठ चोळत म्हणाले. "ते ढिलं पडून राहते. दाब देते तो पडदा. अन् लाळ जी आली ना तुमाले..."

महादेवरावांनी हात वर करून थांबायची विनंती केली.

परत येताना दहा पावलांत डाखोळेंनी ठरवून टाकलं. बाबारावजींनी काच खाली केली. "झाली काय, डाखोळेजी?"

"झाली," डाखोळे म्हणाले. त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

"पहा," कामिनीबाई म्हणाल्या. "मी आधीच म्हटलं होतं. घरी बसून व्हिडिओ कॉलवर..."

"कामिनी, उलटी मले झाली," महादेवराव म्हणाले.

कामिनीबाई सीटवरून पुढं सरकल्या.

"तुले? कधीपासून?"

"पहिलेपासून. मले गाडी लागते. तुह्या हिशोबानं माह्या पोराच्या साक्षगंधाले मीबी फोनमध्येच पाहिजे." मग ते पुढच्या दाराशी गेले, आणि सव्वीस वर्षांत त्या घरात कोणी उच्चारलं नव्हतं ते वाक्य बोलले. "बाबारावजी, तुम्ही जरा मागं बसा. डाखोळेजी इथं बसतील."

बाबारावजी उतरले. रुसावं की नाही हे त्यांना पटकन ठरवता आलं नाही, आणि तेवढ्यात शामलाबाईंनी त्यांना सरकून जागा करून दिली, म्हणून ते बसले.

महादेवरावांनी स्टिअरिंग धरलं. डाखोळे शेजारी, नजर लांब रस्त्यावर. पहिलं वळण जवळ आलं तसे महादेवराव हळूच म्हणाले, "डावीकडं घेऊन राहिलो बरं."

"घ्या," डाखोळे म्हणाले. डाखोळेंच्या मेंदूला आगाऊ सूचना मिळाली होती.

"आता उजवीकडं."

"घ्या."

असं ते दोघं शेवटच्या वळणापर्यंत बोलत गेले, एकही वळण न चुकवता. वर दादाजींच्या फाटकात मयुरा केव्हाची उभी होती. गाडी थांबताच ती धावत आली, तिनं आधी बापाच्या शर्टाकडे पाहिलं आणि मग चेहऱ्याकडे.

"बाबा, जागे आहात?"

"जागा आहे वं," डाखोळे म्हणाले, आणि तिथं फाटकातच, दोन्हीकडच्या सगळ्या सोयऱ्यांसमोर, ढसाढसा रडायला लागले.